सोलापुरात राहून ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या हंगामावर मत कसे बनवावे

कुणाचा मुलगा मेलबर्नला नोकरीस आहे, कुणाची भाची पर्थला शिकते, तर कुणाला आयपीएल सुरू होण्याआधीच्या शनिवारी सकाळी मोबाइल चाळताना हा खेळ सापडला. अशा ना तशा वाटेने ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल पाहणारी थोडी मंडळी आता सोलापुरातही झाली आहेत. खेळ समजायला दोन-तीन सामने पुरतात, परंतु मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चालणाऱ्या संपूर्ण हंगामाविषयी मत मांडायची वेळ आली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. आपला संघ जिंकला तर हंगाम चांगला आणि हरला तर पंच वाईट, यापलीकडे काही सुचत नाही. प्रस्तुत लेखात त्यापलीकडे कसे जावे याची एक रीत दिली आहे. एखाद्या संघाविषयी बोलण्यापूर्वी तो कोणाशी खेळला, कुठे खेळला आणि किती फरकाने जिंकला अथवा हरला हे तीन प्रश्न विचारावेत, आणि जे मत बनेल त्याखाली तारीख घालून ते लिहून ठेवावे, एवढेच या रीतीचे सार आहे.

धावफलक वाचण्यापासून सुरुवात करावी

मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने थेट पार झाला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या आखूड खांबाच्या आत गेला तर त्याला बिहाइंड म्हणतात आणि त्याचा एकच गुण मिळतो. धावफलकावर आधी गोल, मग बिहाइंड आणि शेवटी एकूण गुण असा क्रम असतो. एवढे कळले की धावफलक स्वतःच बरेच काही सांगू लागतो.

उदाहरण म्हणून २०२३ चा अंतिम सामना घ्यावा. कॉलिंगवुड १२.१८ (९०), ब्रिस्बेन लायन्स १३.८ (८६). म्हणजे ब्रिस्बेनने एक गोल जास्त करूनही चार गुणांनी चषक गमावला. ब्रिस्बेनचा चाहता येथे हळहळतो आणि त्याची हळहळ समजण्यासारखीही आहे, परंतु गोल आणि बिहाइंड यांची बेरीज करून पाहावी. कॉलिंगवुडची ती ३० येते आणि ब्रिस्बेनची २१. ज्या संघाने चेंडू खांबांपर्यंत नऊ वेळा अधिक नेला तो नशिबाने जिंकला, असे म्हणणे अवघड होते. त्याच आकड्यांवरून कॉलिंगवुडची नेमबाजी खराब होती असेही कोणी म्हणेल, पण तिथे थोडे थांबावे. संकटात सापडलेला बचावपटू गोल वाचवण्यासाठी चेंडू स्वतःच ढकलून एका गुणावर पाणी सोडतो आणि तो गुणही बिहाइंडमध्येच मोजला जातो. त्यामुळे अठराच्या अठरा बिहाइंड चुकलेल्या नेमाचे आहेत असे न तपासता लिहू नये.

एका सामन्यात वीस मिनिटांचे चार भाग असतात, पण चेंडू बाहेर गेला अथवा गोल झाला की घड्याळ थांबते. परिणामी प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपास जातो आणि सगळा सामना मध्यंतरासह अडीच तासांच्या घरात पोहोचतो. दोन्ही बाजूंचे मिळून छत्तीस खेळाडू मैदानावर असतात आणि कॅमेरा चेंडूच्या मागे धावत असल्यामुळे आपल्याला त्यातले दहा-बाराच दिसतात. बचावफळीने जागा कशी अडवली याविषयी केवळ पडद्यावरून ठाम बोलण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

वेळेचे गणित

मेलबर्नचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते. मार्चमध्ये, एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत, हा फरक साडेपाच तासांचा असतो. गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री होणारे तिकडचे सामने आपल्याकडे दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात, तर शनिवारी दुपारचे सामने सकाळच्या चहाबरोबर येतात. अंतिम सामना सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिकडच्या अडीच वाजता असतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाला. पर्थ मात्र आपल्यापुढे अडीचच तास आहे. सोलापुरातील एप्रिल-मेची दुपार घराबाहेर पडण्याची नसतेच, तेव्हा हे वेळापत्रक आपल्याला गैरसोयीचे नाही. भारतातून सामने अधिकृतपणे पाहण्यासाठी वॉच एएफएल ही वर्गणीची सेवा आहे (एएफएल म्हणजे ही स्पर्धा भरवणारी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग).

गुणतालिका सरळ वाचू नये

मत बनवण्यात सर्वाधिक गफलत होते ती येथे, म्हणून या भागावर जास्त वेळ द्यावा. विजयाला चार गुण आणि बरोबरीला दोन, हा हिशेब सोपा आहे. गुण समान झाले तर टक्केवारी पाहतात. संघाने केलेले एकूण गुण भागिले त्याच्याविरुद्ध झालेले एकूण गुण, गुणिले शंभर, असे ते सूत्र आहे. समजा एखाद्या संघाने १,८०० गुण केले आणि १,५०० दिले, तर त्याची टक्केवारी १२० झाली. क्रिकेटमधील निव्वळ धावगतीची सवय असलेल्या वाचकाला हे लगेच उमगेल, फरक एवढाच की येथे हा आकडा केवळ बरोबरी सोडवण्यापुरता उपयोगी नसून संघाची खरी ताकद बरीचशी त्यातच दिसते.

२०२२ मध्ये कॉलिंगवुड चौथा आला. त्या हंगामात त्याने सलग अकरा सामने जिंकले, त्यांतले बरेच अगदी काठावर, आणि बावीस सामन्यांच्या शेवटी त्याची टक्केवारी होती जेमतेम १०४. सोळा विजय मिळवणाऱ्या संघाची टक्केवारी इतकी कमी का, असे विचारणाऱ्यांनी त्याच वेळी सांगितले होते की हा फुगा फुटणार. उपांत्य सामन्यात सिडनी स्वान्सने कॉलिंगवुडला एका गुणाने हरवले, तेव्हा या लोकांना आपले मत खरे ठरल्यासारखे वाटले. पुढच्याच वर्षी मात्र कॉलिंगवुडने चषक उचलला. यावरून टक्केवारी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. काठावरचे सामने जिंकणे हे निव्वळ नशीब आहे की अंगी मुरलेले कसब, याचा निकाल एका हंगामात लागत नाही, एवढेच या प्रकरणातून हाती लागते. म्हणून ‘हा संघ फसवा आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘या संघाचे एवढे विजय दोन गोलांच्या आतले आहेत’ असे लिहावे. दुसरे वाक्य पुढच्या वर्षीही खोटे पडत नाही.

आता ‘कोणाशी’ हा प्रश्न. स्पर्धेत अठरा संघ आहेत आणि २०२३ पासून प्रत्येक संघाला तेवीस साखळी सामने मिळतात. उरलेल्या सतरा संघांशी एकेकदा खेळून झाले की सहा सामने शिल्लक राहतात, म्हणजे सहा प्रतिस्पर्ध्यांशी दुसऱ्यांदा गाठ पडते. हे सहा कोण, यावर हंगामाचा रंग बदलतो. आयोजक मागील वर्षीच्या क्रमवारीनुसार वरचे सहा, मधले सहा आणि खालचे सहा असे गट पाडून तोल साधण्याचा प्रयत्न करतात, परंतु एकाच शहरातील अथवा राज्यातील जोड्यांचे दोन सामने गर्दीसाठी ठेवलेलेच असतात. पर्थच्या दोन संघांचेच पाहा. २०२५ मध्ये वेस्ट कोस्ट ईगल्सने संपूर्ण हंगामात एकच सामना जिंकला, आणि त्याच वेस्ट कोस्टशी फ्रिमँटल दोनदा खेळला. उलट ब्रिस्बेनला शेजारच्या गोल्ड कोस्ट सन्सशी दोनदा झुंजावे लागले, आणि ते नेमके गोल्ड कोस्ट प्रथमच बाद फेरीत पोहोचले ते वर्ष होते. फ्रिमँटलचे यश त्यामुळे खोटे ठरत नाही, पण दोन संघांत एका विजयाचा फरक असेल तर त्या फरकाला किती महत्त्व द्यायचे हे या यादीशिवाय ठरवता येत नाही. हंगाम सुरू होताच आपल्या संघाचे हे सहा दुहेरी प्रतिस्पर्धी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढावेत. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पुढे सहा महिने त्याचा उपयोग होतो.

मैदाने आपल्या ओळखीची आहेत

‘कुठे’ या प्रश्नात मराठी वाचकाला एक आयती सोय आहे. मेलबर्नच्या ज्या मैदानावर डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने शतक ठोकले, तिथेच फुटबॉलचा अंतिम सामना होतो. गॅबा हे ब्रिस्बेनचे घर आहे, ॲडलेड ओव्हल ॲडलेड क्रोज आणि पोर्ट ॲडलेड या दोघांचे, आणि २०२४ मध्ये बुमराहच्या नेतृत्वाखाली आपण ज्या पर्थ स्टेडियमवर कसोटी जिंकलो ते वेस्ट कोस्ट आणि फ्रिमँटल यांचे. खेळाचा जन्मच मुळी क्रिकेटपटूंच्या सोयीतून झाला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग हलते राहावे म्हणून टॉम विल्सने १८५८ मध्ये फुटबॉल क्लब काढण्याची सूचना केली आणि पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. त्यामुळे मैदान लंबगोल आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाचे असते. एखादा संघ एका मैदानावर मोकळा खेळतो आणि दुसऱ्यावर घुसमटतो, याचे एक कारण हेही आहे.

अठरापैकी दहा संघ व्हिक्टोरिया राज्यातले आहेत, त्यांतले नऊ मेलबर्न परिसरातले आणि एक जवळच्या जिलाँगचा. पर्थच्या संघाला त्यांच्याशी खेळायला जाताना चार तासांच्या आसपास विमानप्रवास करावा लागतो आणि तोही हंगामभर पुन्हा पुन्हा. याच कारणाने पर्थ, ॲडलेड, सिडनी आणि ब्रिस्बेनच्या चाहत्यांची जुनी तक्रार आहे की अंतिम सामना दरवर्षी मेलबर्नलाच का. करार २०५९ पर्यंतचा आहे, आणि कोरोनाच्या काळात २०२० साली ब्रिस्बेनला व २०२१ साली पर्थला सामना झाला तेवढाच काय तो अपवाद. माझ्या मते ही तक्रार तत्त्वतः रास्त आहे, मात्र तिच्या जोरावर निकालाचे भाकीत करू नये. २०१८ मध्ये वेस्ट कोस्टने त्याच मैदानावर मेलबर्नच्याच कॉलिंगवुडला पाच गुणांनी हरवले, आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी ब्रिस्बेनने तिथेच मोठ्या फरकाने चषक जिंकला. अन्याय असणे आणि त्या अन्यायाने सामना ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि चाहत्यांच्या बोलण्यात त्या नेहमी एकमेकींत मिसळतात.

हंगामाचे तुकडे पाडावेत

संपूर्ण हंगामावर एकच शेरा मारण्याऐवजी त्याचे तीन भाग करावेत. पहिला मेच्या मध्यापर्यंत, दुसरा साखळी संपेपर्यंत आणि तिसरा सप्टेंबरमधील बाद फेरीचा. प्रत्येक भागाच्या शेवटी मत नव्याने लिहावे, आधीचे खोडू नये.

याची गरज किती आहे हे ब्रिस्बेनच्या २०२४ च्या हंगामावरून दिसते. पहिले तीनही सामने हरल्यावर त्या संघाविषयी जे लिहिले-बोलले गेले असेल त्याची कल्पना करता येते. तोच संघ पाचव्या क्रमांकावर पोहोचला, बाद फेरीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध ४४ गुणांनी मागे पडूनही पाच गुणांनी जिंकला, पुढे जिलाँगला दहा गुणांनी मागे टाकले आणि अंतिम सामन्यात, साखळीत पहिल्या आलेल्या सिडनी स्वान्सचा साठ गुणांनी फडशा पाडला. एप्रिलमधले मत चूक नव्हते, ते फक्त एप्रिलचे होते. म्हणूनच तारखेचा आग्रह धरला आहे.

२०२५ मध्ये याचे दुसरे रूप दिसले. बाद फेरीच्या पहिल्या आठवड्यात जिलाँगने ब्रिस्बेनला ३८ गुणांनी हरवले. तीन आठवड्यांनी तेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि ब्रिस्बेनने तो १८.१४ (१२२) विरुद्ध ११.९ (७५) असा ४७ गुणांनी जिंकला. पोटरीच्या दुखापतीमुळे मुकणार असे वाटलेला लॉकी नील राखीव म्हणून उतरला, हा त्या दिवसाचा एक भाग होता. पहिल्या सामन्यावरून दुसऱ्याचा निकाल लिहून मोकळे झालेल्यांना त्या शनिवारी सकाळी नवरात्राच्या उपवासाबरोबर मौनही पाळावे लागले असेल. तिकडे ॲडलेड क्रोज साखळीत पहिला येऊनही घरच्या मैदानावर लागोपाठ दोन सामने हरून बाहेर पडला. २०२५ पर्यंतच्या पद्धतीत पहिल्या चार संघांना एक पराभव माफ असे आणि पाच ते आठ क्रमांकांच्या संघांना तो माफ नसे, हे लक्षात घेतले की ॲडलेडचे दोनदा हरणे किती मोठे अपयश आहे ते कळते. तरीही तेवीस सामन्यांतली कमाई दोन सामन्यांनी पुसून टाकणे मला पटत नाही. त्या संघाच्या पानावर दोन वेगळी मते असावीत आणि ती एकमेकांशी भांडली तरी चालेल.

सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे गणपती-नवरात्राचे दिवस, हे येथे आठवणीने सांगायला हवे. ६ सप्टेंबर २०२५ रोजी अनंत चतुर्दशी होती आणि त्याच दिवशी पर्थला गोल्ड कोस्टने फ्रिमँटलला एका गुणाने हरवले. लेझीमच्या ताफ्यात नाव असलेल्या माणसाने अशा वेळी सामन्याचे ध्वनिचित्रण नंतर पाहावे आणि तोवर फोन खिशात ठेवावा. मिरवणुकीत चालताना अर्धवट पाहिलेल्या शेवटच्या भागावर मत बनवू नये.

पंच, नियम आणि तक्रारी

तक्रार करण्यास हरकत नाही, पण तिला पुरावा हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये ॲडलेड क्रोज आणि सिडनी स्वान्स यांच्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी ॲडलेडच्या बेन कीझचा फटका खांबाला लागला असे समजून गोलपंचाने बिहाइंड दिला. दृश्यफितीची तपासणी झालीच नाही आणि ॲडलेड एका गुणाने हरला. तो गोलच होता हे लीगने नंतर मान्य केले. सिडनी त्या वर्षी आठवा येऊन बाद फेरीत गेला आणि ॲडलेड बाहेर राहिला. ही तक्रार पूर्ण आहे, कारण त्यात घटना, झालेली चूक, तिची कबुली आणि परिणाम असे सगळे दुवे दाखवता येतात.

याउलट चेंडू धरून ठेवल्याबद्दल दिल्या जाणाऱ्या दंडाविषयीची ओरड बहुधा अपुरी असते. ज्याला पकडले त्याला चेंडू सोडण्याची आधी संधी मिळाली होती का, हे पंचाला क्षणात ठरवावे लागते, आणि ते ठरवणे कधीच सर्वांना पटणार नाही. अशा निर्णयावर लिहिण्यापूर्वी तोच प्रसंग संघ उलटे करून मनात पुन्हा पाहावा. आपल्या संघाच्या बाजूने तोच निर्णय मिळाला असता तर आपण तो योग्य म्हटला असता का? बहुतेक तक्रारी येथेच गळतात. शिवाय नियम दर एक-दोन वर्षांनी बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. झेल घेतलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याने जागचे हलायचे नाही हा नियम २०२१ चा आहे. २०२० मध्ये तर सामन्याचा प्रत्येक भागच सोळा मिनिटांचा केला होता. त्या वर्षाचे गुण आजच्या गुणांशेजारी ठेवून गोल आटल्याचे अथवा वाढल्याचे निष्कर्ष काढू नयेत.

खेळाडू-निवडीविषयीचा वाद वेगळ्या जातीचा आहे. खालच्या क्रमांकाच्या संघाला नवोदित खेळाडू आधी निवडता येतात, पण वडील ज्या संघाकडून पुरेसे सामने खेळले त्या संघाला मुलावर अग्रहक्क मिळतो. ब्रिस्बेनचा विल ॲशक्रॉफ्ट असा आला, आणि २०२४ व २०२५ अशा दोन्ही अंतिम सामन्यांत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॉलिंगवुडचा निक डेकोस हाही पीटर डेकोसचा मुलगा. घराण्याची परंपरा आपल्याला गोड वाटते हे खरे, परंतु एसेंडनसारख्या, २००४ नंतर २०२५ पर्यंत बाद फेरीतला एकही सामना न जिंकलेल्या संघाच्या चाहत्याला ती गोड का वाटत नसेल, हेही समजून घ्यावे.

वही आणि मंडळी

वही साधी असावी. एका संघाला दोन पाने, डाव्या पानावर प्रत्येक सामन्याची एक ओळ आणि उजव्या पानावर मते. डाव्या ओळीत प्रतिस्पर्धी, मैदान, दोन्ही संघांचे गोल-बिहाइंड आणि फरक एवढेच लिहावे. चौकट आखून रंगीत पेनने सजवण्याची हौस असेल तर जरूर करावी, पण जूननंतर ती टिकत नाही.

मत एकट्याने बनवू नये. दोन-तीन जण असावेत आणि शक्यतो त्यांचे संघ वेगळे असावेत. आमच्या गटात टॉवेल निर्यातीच्या धंद्यातला एक मित्र आहे. तो कोणत्याही संघाचा नाही आणि त्यामुळे सर्वांत उपयोगी आहे. कोणी जोरात बोलू लागले की तो “डावं पान दाखवा” एवढेच म्हणतो आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली कडक भाकरी मोडत बसतो. मेलबर्नहून फोन करणाऱ्या नातलगाचे मत ऐकावे, कारण मैदानात बसणाऱ्याला बचावफळी दिसते, पण ते मत त्याच्या नावावरच लिहावे, आपल्या नाही.

अंतिम सामना झाल्यावर वर्षाचे शेवटचे मत लगेच लिहू नये, तसेच फार लांबवूही नये. साधारण आठवड्याभरात खेळाडूंच्या अदलाबदलीचा काळ सुरू होतो, आणि कोण कुठे गेला हे कळले की सरलेल्या हंगामाकडे पाहण्याची नजर नकळत बदलते. सोडून गेलेला खेळाडू मागाहून आळशी दिसू लागतो. तेव्हा त्याआधीची एखादी मोकळी संध्याकाळ काढून डावी पाने क्रमाने वाचावीत, उजव्या पानावर शेवटची तारीख घालावी, आणि नोव्हेंबरमधील नवोदितांच्या निवडीसाठी नवे पान उलटावे.